सासूच्या तंबूला सुरी

“घोडा सुटलाय, पाव्हणं. त्या टेकाडापल्याड गेला. धरून आणतो आणि आलोच,” गारपीट म्हणाला.

गारपीट म्हणजे माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, वाळुंजचा थोरला भाऊ. त्यानंच ती मला दिली होती. आमच्या शायेन जमातीत, म्हणजे गव्यांच्या मागे माळरानभर तंबू घेऊन फिरणाऱ्या आम्हा लोकांत, बहीण कुणाला द्यायची ते भाऊ ठरवतो, आणि पुढे त्याचं डोकं फिरलं तर तो तिला परतही घेऊन जातो. आमच्या लग्नाला चार महिने झाले होते. तेव्हा मेहुण्यापुढे माझी जीभ जरा जपूनच चालायची.

“शिकारीआधी कुणालाही पलीकडे सोडायचं नाही, दादा. हुकूम आहे,” मी म्हणालो.

“शिकारीला कोण चाललंय? हातात दोर आहे नुसता. बघ की.”

हातात दोर होता खरा. पण अंगावर पांघरूण होतं, आणि त्या उन्हात पांघरूण घ्यायचं काही कारण नव्हतं. त्याच्या आत काय आहे ते मी पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं म्हणून पाहिलं नाही.

“जा. पण लवकर ये.”

“हा गेलो आणि हा आलो!”

तो टेकडी उतरून दिसेनासा झाला. मी पुन्हा भाला टेकून, छाती काढून पहाऱ्याला उभा राहिलो. केवढा रुबाब होता माझा! खोकडांच्या जथ्यात येऊन मला जेमतेम वीस दिवस झाले होते. आमच्यात लढवय्यांचे असे पाच-सहा जथे. कुणी सांबरशिंगवाले, कुणी ढालवाले, कुणी खोकड. प्रत्येकाची गाणी वेगळी, नाच वेगळा, आणि आपलाच जथा सगळ्यांत शूर असं प्रत्येकाला वाटायचं. अख्खी जमात शिकारीला एकत्र जमली की सरदार एका जथ्याला बोलावत आणि सांगत, आता शिस्त तुमच्या हाती. त्या उन्हाळ्यात ते काम आम्हा खोकडांकडे आलं होतं.

शिस्त कशाची? तर रानगव्यांच्या कळपावर सगळ्यांनी मिळून, एकाच वेळी जायचं. कुणी हावरटानं आधी जाऊन एक जनावर पाडलं की बाकीचा कळप उधळतो, आणि हजार माणसांच्या तोंडचा घास जातो. म्हणून जो पुढे पळेल त्याला चाबकाचा मार, त्याच्या धनुष्याचे तुकडे, आणि तो राहत असेल त्या तंबूच्या चिंध्या. मग तो सरदाराचा मुलगा का असेना.

आणि त्या वर्षी भूक फार होती. अकरा दिवस आम्ही वाळकी मुळं खात आणि चामड्याचं पाणी पीत होतो. अकराव्या दिवशी टेहळे बातमी घेऊन आले, की टेकडीपलीकडच्या खोऱ्यात कळप उतरलाय. काळा, दाट, नजर पोचेल तिथपर्यंत! उद्या पहाटे सगळे मिळून शिकारीला जाणार होते. फक्त एक दिवस दम धरायचा होता.

गारपीटला पाठवलं कुणी, हे मला ठाऊक होतं. त्याला सासूनं पाठवलं होतं. म्हणजे तोंडानं ‘जा’ असं काही तिनं म्हटलं नव्हतं. पण दोन दिवसांपूर्वी ती आपल्या कुत्रीशी बोलली होती.

हे जरा सांगायला हवं. आमच्यात सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत. बोलणं सोडा, तोंडसुद्धा पाहत नाहीत. ती समोरून आली की मी पांघरूण डोक्यावर ओढायचं आणि तिनं तोंड फिरवायचं. यात राग नसतो, मान असतो. तिचं नाव मी तेव्हा घेतलं नाही आणि आजही घेणार नाही. पण माणसं शेजारी राहतात, जावई सासूच्या चुलीसाठी शिकार आणतो, तेव्हा बोलावं तर लागतंच. माझी सासू मग तांबडीशी बोलायची. तांबडी ही तिची म्हातारी कुत्री. आपल्या तंबूच्या दारात बसून सासू अशा खणखणीत आवाजात तांबडीला काय ते सांगे, की शेजारच्या तंबूत मला शब्द न् शब्द ऐकू यावा. लेकी बोले सुने लागे, त्यातलाच प्रकार. फक्त आमच्याकडे लागायचं ते जावयाला.

“तांबडे,” ती म्हणाली होती, “आपल्या घरात आता दोन गडी आहेत म्हणे. एक पोटचा, एक जावई. आणि मला गव्याची जीभ खाऊन हिवाळा लोटला. तुला तरी आठवते का गं तिची चव?”

ते मला लागलं होतं. गारपीटला त्याहून जास्त लागलं असणार.

मी टेकडीवर उभा होतो आणि एकाएकी पायाखालची जमीन थरथरू लागली.

आधी वाटलं, आभाळ गडगडतंय. वर पाहिलं तर निळंभोर. मग पश्चिमेकडून धूळ उठली. धुळीचा लोट वर चढत चढत सूर्यापर्यंत गेला आणि त्याच्याखाली काळा पूर धावू लागला. कळप! अख्खा कळप उधळला होता! हजारो खूर, शिंगं, वर झालेल्या शेपट्या! ते दृश्य इतकं भव्य होतं की क्षणभर मी बावळटासारखा आनंदानं ओरडलो. मग कळलं की आपलं जेवण पळून चाललंय. आणि ते कुणी पळवलं तेही कळलं.

खालून आमचे खोकड घोडे फेकत आले. सर्वांत पुढे आमचा म्होरक्या, पांढरी भुवई. त्याची एक भुवई जन्मापासून पांढरी होती, आणि तो रागावला की तेवढीच उडायची.

“कोण गेलं?” तो ओरडला.

 मी नुसता खोऱ्याकडे हात केला, मागे बांधलेल्या माझ्या घोड्यावर चढलो आणि त्यांच्याबरोबर सुटलो.

काय धावलो आम्ही! वीस घोडे, उतारावरून, एका रांगेत! माझा घोडा तर पाय टेकत होता की नाही कोण जाणे. आणि गंमत सांगतो, पुढे काय होणार ते कळत असूनही मला त्या धावण्याची मजा वाटत होती. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो.

गारपीट सापडायला वेळ लागला नाही. खोऱ्याच्या तोंडाशी गव्याची एक जाडजूड मादी पडली होती आणि तो तिच्या जबड्यात सुरी घालून जीभ काढत होता. आम्हाला पाहून तो उभा राहिला, पळाला मात्र नाही.

चाबूक चहूबाजूंनी बसले. पांढऱ्या भुवईनं त्याचं धनुष्य गुडघ्यावर मोडलं. गारपीटनं एकदाही हात वर केला नाही, हे कबूल केलं पाहिजे. मीही दोन चाबूक मारले. हळू मारले, पण मारले. माझा दुसरा चाबूक बसला तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलणार. ‘यानंच मला सोडलं,’ एवढं म्हटलं की माझा कारभार आटोपला असता. तो ते बोलला नाही.

“आता तंबू,” पांढरी भुवई म्हणाला.

तेव्हा मात्र गारपीटचा तोल गेला. “तंबू माझा नाही! आईचा आहे!”

“तू झोपतोस तिथंच ना? मग फाटेल.”

“ठीक आहे. फाडा. पण पाव्हणं,” तो माझ्याकडे वळला, तोंडावर रक्त आणि धूळ, “सगळ्यांसमोर शब्द देतो. तू माझ्या आईच्या तंबूला हात लावलास, तर आज सूर्य मावळायच्या आत वाळुंज तुझ्या घरात नसेल.”

 पांढऱ्या भुवईची भुवई उडाली. त्यानं कमरेची सुरी उपसली आणि मुठीकडून माझ्यापुढे धरली.

“तू नवा आहेस आणि नात्यातला आहेस,” तो म्हणाला. “पहिली चीर तुझी. नाहीतर लोक म्हणतील, खोकड परक्यांना झोडतात आणि आपल्या पाहुण्यांना झाकतात.”

“दादा, दुसऱ्या कुणाला...”

“नसेल जमत तर आत्ताच सांग. जथ्यातून नाव काढू.”

इकडे आड, तिकडे विहीर. मी सुरी घेतली.

वस्तीकडे जाताना माझ्या डोक्यात नुसता गोंधळ माजला होता. सुरी चालवली तर वाळुंज गेली. नाही चालवली तर मी खोकड नाही, कुणीच नाही. वाळुंजसाठी मी चार वर्षं नदीच्या वाटेवर उभा राहिलो होतो. पाणी घेऊन येताना ती थांबेल, दोन शब्द बोलेल म्हणून. चार वर्षं! आणि आता चार महिन्यांत सगळं संपणार? पण या सगळ्यापेक्षा एक गोष्ट जास्त टोचत होती. टेकडीवर पहारा माझा होता.

वस्तीत बातमी आमच्याआधी पोचली होती. माणसं दोन्ही बाजूंना उभी. भुकेली, संतापलेली माणसं. एक म्हातारा मला बघून म्हणाला, “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!” कुणीतरी हसलं. वाळुंज धावत आली आणि माझ्या घोड्याच्या बाजूनं पळू लागली.

“खरंय का? तू फाडणार आहेस? तू?”

“मला हुकूम आहे.”

“दुसरा कुणी नव्हता? सोळा कातडी आहेत त्याला! एकेक टाका आईनं घातलाय!”

“वाळुंज, बाजूला हो.”

“दादानं शब्द दिलाय म्हणे. ऐकलास ना तो?”

“ऐकला.”

ती थांबली. मी पुढे गेलो. तिच्याकडे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

आमचे दोन तंबू शेजारी शेजारी होते, सासूचा मोठा, आमचा लहान. सासू आपल्या दारात उभी होती हे मला दुरूनच, अंदाजानं कळलं, कारण तांबडी तिथं भुंकत होती. मी घोड्यावरून उतरलो आणि सवयीनं घोड्याच्या पाठीवरचं पांघरूण डोक्यावरून ओढलं. लोक खदखदून हसले. बरोबरच होतं. सासूचं घर फाडायला निघालेला जावई, आणि सासूचं तोंड दिसू नये म्हणून बुरखा घेऊन!

पांघरुणाच्या आत अंधार होता आणि मला फक्त माझे पाय दिसत होते. वीस पावलं चालायची होती. आणि त्या वीस पावलांत, कसं कोण जाणे, माझ्या डोक्यातला गोंधळ एकदम बसला. गुन्हेगार राहतो तो तंबू फाडायचा, एवढाच तर कायदा होता. मी पायाखालचं गवत बघत डावीकडे वळलो, हात उंच केला आणि सुरी घुसवली. कातडं चरचरत वरपासून खालपर्यंत फाटलं.

हास्याचा असा स्फोट झाला की घोडे बिथरले.

“अरे ए सारसा!” कुणीतरी ओरडलं. उभा सारस हे माझं नाव. “तो तुझाच तंबू आहे! पांघरूण काढ आधी!”

माणसं पोट धरून हसत होती. अकरा दिवसांत पहिल्यांदा हसत होती. क्षणभर मोह झाला. चूक झाली म्हणावं आणि त्यांच्याबरोबर हसून टाकावं. कुणाला कळणार होतं?

मी पांघरूण फेकून दिलं.

“चुकलो नाही!” मी ओरडलो. “पहारा माझा होता. गारपीटला मी जाऊ दिलं. मेहुणा म्हणून जाऊ दिलं. कळप त्यानं एकट्यानं नाही उधळला!”

हसणं थांबलं. पांढरी भुवई घोड्यावरून उतरून माझ्यापुढे आला.

“त्यानं तुला काय सांगितलं होतं?”

घोड्याचं आणि दोराचं खोटं माझ्या ओठांवर आलं होतं. गारपीट तिथंच, दोघांनी धरलेला, माझ्याकडे बघत उभा होता.

“काही नाही,” मी म्हणालो. “मी विचारलंच नाही.”

मग माझी पाळी आली. जथ्यातल्या प्रत्येकानं एकेक चाबूक मारला, आणि मी गारपीटला मारले तसे हळू कुणीच मारले नाहीत. धनुष्य मोडलं. तंबूची उरलेली कातडी टराटरा फाटली. मी दात आवळून उभा राहिलो, आणि खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा मला खोकड असल्यासारखं वाटलं.

“आता तो दुसरा,” पांढरी भुवई म्हणाला आणि त्यानं सुरी पुन्हा माझ्या हातात दिली.

म्हणजे सुटका नव्हतीच. पण मी पाऊल टाकायच्या आत शेजारून खणखणीत आवाज आला.

“तांबडे! या लोकांना सांग, माझ्या घराला परक्याचा हात लागायची गरज नाही. जीभ मला हवी होती. मुलगा माझा आहे.”

आणि चर्रर्र! सासूनं कातडी सोलायची आपली सुरी काढून स्वतःचा तंबू स्वतः फाडला होता. एकदा फाडून ती थांबली नाही. डावीकडून फाडला, उजवीकडून फाडला, धूर जायला ठेवलेल्या वरच्या झापांकडे हात पोचला तितका फाडला. पाच गडी मागे सरले. पांढऱ्या भुवईच्या दोन्ही भुवया उडाल्या, ते मी एकदाच पाहिलं.

“पुरे,” तो शेवटी म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “दोघांनी मार मुकाट्यानं खाल्ला. कुणी हात उचलला नाही. कायदा पुरा झाला. आता यांच्याकडे काय आहे? काहीच नाही. मी एक घोडा देतो. खोकडांनो, बोला, तुम्ही काय देता?”

आमची रीत आहे ही. ज्यांनी फाडलं त्यांनीच उभं करायचं. एकानं मला आपलं धनुष्य दिलं, दुसऱ्यानं गारपीटला. कुणी भाता दिला, कुणी जुनी कातडी टाकली. इतक्यात टेकडीवरून टेहळ्या आरोळ्या ठोकत आला. कळप नदीच्या वळणापाशी थांबलाय! पाणी पितोय! उद्या पहाटे गाठता येईल! अख्खी वस्ती ओरडू लागली, बाया चित्कारू लागल्या, म्हातारे नाचू लागले. मला कुणीतरी मिठी मारली आणि पाठीच्या वळांवर हात पडून मी किंचाळलो.

गारपीट लंगडत जवळ आला.

“शब्द दिला होता मी,” तो म्हणाला, “तू आईच्या तंबूला हात लावलास तर. पण तू लावलाच नाहीस.”

“नाही लावला.”

“मग माझ्याकडून मिटलं.” तो थोडा घुटमळला. “घोड्याचं का नाही सांगितलंस?”

“तू माझं नव्हतं सांगितलंस, म्हणून.”

माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात गारपीटनं हनुवटीनं माझ्या मागे खूण केली.

“माझ्याकडून मिटलं. तिच्याकडचं तू बघ.”

मी वळलो. आमच्या तंबूच्या चिंध्यांमध्ये वाळुंज वाकून उभी होती आणि एकेक वस्तू उचलून बाहेर गवतावर ठेवत होती. माझे जोडे. माझी ढाल. माझी चिलीम.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्यात तंबू बाईचा असतो. कातडी ती कमावते, ती शिवते, ती उभा करते. आणि नवरा नको झाला की ती एक शब्दही बोलत नाही. त्याच्या वस्तू दाराबाहेर ठेवते, की झालं. आणि मी मोठ्या शूरपणानं फाडला होता तो तंबू माझा कुठं होता? तिचा होता! सगळ्या वस्तीसमोर माझ्या चुकीची शिक्षा मी माझ्या बायकोच्या घराला दिली होती.

“वाळुंज,” मी म्हणालो.

तिनं पाहिलंसुद्धा नाही. माझं थंडीचं पांघरूण बाहेर आलं. माझा रंगाचा बटवा. मी तिथंच मटकन खाली बसलो. ढीग वाढत चालला. माझ्या सगळ्या वस्तू संपल्या. मग तिनं आपली शिवणाची पिशवी उचलली, थोडी थांबली, आणि ती माझ्या ढालीवर ठेवली. मग आपलं भांडं आणलं, आपलं अंथरूण आणलं. सगळं त्याच ढिगावर.

“बसलायस काय?” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “या फाटक्या कातड्याचं दुसरं टोक धर. आत आणि बाहेर असं काही शिल्लक ठेवलंयस का तू या घराला?”

मी उठायच्या आत माझ्या अंगावर सावली पडली. वर पाहिलं तर सासू. समोर, हाताच्या अंतरावर. मी पांघरूण शोधू लागलो, ते केव्हाच दूर पडलं होतं. ती तोंड फिरवेना. तांबडी तिच्या पायाशी होती, पण सासू तांबडीकडे बघत नव्हती.

“दोन तंबूंना तीस कातडी लागतील,” ती म्हणाली. मला म्हणाली!

आजूबाजूचे लोक हातातलं काम टाकून बघू लागले. 

“आणतो,” मी म्हणालो. आणि मग धीर करून, “आणि जीभ पहिली आणतो.”

“जीभ गारपीट आणेल. तू कातड्याचं बघ. आणि मारताना पोटात मारत जाऊ नकोस, भोकं पडतात. मागच्या वेळी आणलेलं चाळणीसारखं होतं. मी तांबडीला शंभरदा सांगितलं.”

“ऐकलं होतं मी.”

“ऐकलं होतंस तर सुधारला का नाहीस?”

वाळुंजनं हातातलं कातड्याचं टोक जोरात झटकलं.

“झालं!” ती म्हणाली. “आता ही दोघं एकमेकांशी बोलायला लागली. उद्यापासून दोघं मिळून मलाच बोलणार. जन्मभर हेच ऐकत बसायचं का मी?”

मला फक्त ‘जन्मभर’ तेवढं ऐकू आलं. मी उठलो आणि दुसरं टोक धरलं.